मेजर आणि दोन हात जागा

माझ्या नवऱ्याचं नाव कुंडलिक. हे नाव मी तोंडाने घेत नाही, पण लिहायला हरकत नसावी. माणूस शांत. कुंडलिकने कधी कुणावर आवाज चढवला का, असं उत्रोलीत कुणालाही विचारा. लोक बराच वेळ आठवत बसतील आणि शेवटी चहा पाजून तुम्हाला परत पाठवतील. आमच्या घरात आवाज चढवायचं काम पूर्वी माझ्याकडे होतं. दोन वर्षांपासून ते मेजरकडे गेलं.

मेजर हा आमचा कुत्रा. बाप जर्मन शेफर्ड आणि आई आणखी कुठलीतरी मोठी, असं त्याचं घराणं. उभा राहिला की त्याचं डोकं माझ्या कमरेपर्यंत येतं आणि बसला की दार अडतं. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी पुण्याच्या एका कुटुंबाचं फार्महाऊस होतं. त्यांच्या तारेच्या कुंपणाचं काम ह्यांनी केलेलं. ते लोक परदेशी निघाले तेव्हा कुंपण नव्या मालकाकडे गेलं आणि कुत्रा आमच्याकडे आला. अगदी प्रेमळ आहे हो, असं त्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. आणि तो होताही. पहिल्याच दिवशी माझ्या हातची भाकरी खाऊन तो चुलीपुढे झोपला. दूधवाला, गॅसवाला, माझ्या अंगणवाडीतली पोरं, सगळ्यांना त्याने हुंगून पास केलं. नापास झाला तो एकच माणूस, माझा धाकटा दीर हनुमंत.

भावजी शेजारीच राहतात. आमची दोन घरं आणि मध्ये एक अंगण. सासरे गेल्यावर वाटणी झाली. शेत वाटलं, झाडं वाटली, भांडी वाटली. पाटा भावजींकडे गेला आणि वरवंटा आमच्याकडे राहिला, तेव्हापासून दोन्ही घरांत मिक्सर आहे. अंगणाची वेळ आली तेव्हा ह्यांनी फावड्याने रेघ ओढली आणि ही हद्द म्हणून सांगितलं. थोरल्याने रेघ ओढायची आणि धाकट्याने मान हलवायची, असं आमच्याकडे चालत आलेलं आहे. भावजींनी मान हलवली, आणि थोड्याच दिवसांत मोजणीचा अर्ज दिला.

मोजणीदार आला, त्याने यंत्र लावलं आणि रेघ चुकल्याचं सांगितलं. चुकली होती ती भावजींच्या बाजूने. ह्यांनी धाकट्या भावाला दोन हात जागा जास्त दिली होती, मुद्दाम, आणि मलासुद्धा सांगितलं नव्हतं. मोजणीदाराने नियमाप्रमाणे दगड रोवले आणि ती दोन हात जागा आमच्याकडे परत आली. भावजी खाली बघत घरात गेले. हे दगडांकडे बघत उभे राहिले. त्या दिवसानंतर दोघांपैकी कुणीही ह्या विषयावर बोललं नाही. कुणी काढलाच विषय तर हे म्हणतात, "माझ्या मनात काय बी न्हाई." हल्ली कुणी काढला नाही तरी म्हणतात.

दोन हात रुंद पट्टीत ना भात लावता येतं ना गोठा बांधता येतो. महिनाभर ती जागा तशीच पडून होती. मग मेजर आला. ह्यांनी दगडांच्या अलीकडे लोखंडी खुंटा ठोकला आणि मेजरला तिथे बांधला. जागा रिकामी ठेवायची नसते, एवढंच बोलले.

वाटायचे राहिले ते फक्त देव. देवांचे चांदीचे टाक थोरल्या घरात राहतात आणि धाकट्याने हात जोडायला तिथे यायचं, ही आमच्या घरची रीत. घरात लग्न निघालं की मुलीच्या अंगाला हळद लागायच्या आधी ती देवांना लागते, आणि ती मुलीने आपल्या हाताने लावायची. माझी नणंद तशीच उजवली, तिच्या आत्याही तशाच. आता पाळी वैष्णवीची होती.

वैष्णवी म्हणजे भावजींची लेक. मला मुलगी नाही. एक मुलगा आहे, इंद्रजित, तो चाकणला कंपनीत आहे आणि फोनवर "हो" म्हणतो. वैष्णवीचं न्हाणं, वेणी, पहिली पाटी, सगळं माझ्या हातचं. मला ती मोठी आई म्हणते. तिची आई आरती हिला कधी त्याचं वाईट वाटलं नाही, कारण मी वेणी घालेपर्यंत तिची भाकरी होऊन जायची. मेजर आल्यापासून भावजींनी पोरीला अंगण ओलांडू दिलं नाही. ती दगडापलीकडे उभी राहून माझ्याशी बोलते आणि मी अलीकडून विचारते, जेवलीस का. दोन वर्षांत मी तिच्या ताटात काही वाढलेलं नाही. हे मला लागतं. लोकांसमोर मी हसून नेते, पण लागतं.

तिचं लग्न मार्गशीर्षात ठरलं, सासर हडपसरचं. त्याच्या आधी दसरा आला.

दसऱ्याला धाकट्याने थोरल्याला सोनं द्यायला यायचं असतं. वाटणीनंतरच्या पहिल्या दसऱ्याला भावजींनी सोनं वैष्णवीच्या हातून दगडावर ठेवून पाठवलं होतं. ह्या वर्षी घरात कार्य होतं म्हणून ते स्वतः आले, नवा सदरा, हातात आपट्याची पानं. मेजर उठला. हे खुंट्याजवळ गेले, साखळी सोडून हातात घेतली, तळहाताला दोन वेढे दिले आणि म्हणाले, "ये. म्या धरलाय." भावजींनी दगड ओलांडला. मेजरने ह्यांना ओढत नेलं आणि भावजींची पोटरी धरली.

ह्यांनी त्याला मागे खेचला, खुंट्याला बांधला, गाडी काढली आणि भावजींना मागे बसवून भोरला दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं झाली. येताना दोघांनी उसाचा रस घेतला. जाताना आणि येताना एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, असं मला पुढे दोघांकडूनही वेगवेगळं कळलं.

संध्याकाळी आरती दगडापाशी आली. ती भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आक्का, लग्नात आमी रगात आणायचं न्हाई. भोरच्या सोनाराकडं नवं टाक करून घेतो. हळद आमच्याच घरात लावू." मी म्हटलं, थोडं थांब. ती म्हणाली, कार्याच्या आठवड्यापर्यंत थांबते, त्याच्या पुढे नाही.

नवे टाक म्हणजे काय, ते तिलाही कळत होतं आणि मलाही. देव वेगळे झाले की मग वर्षातून एकदाही ह्या दारात यायचं कारण उरत नाही. लग्नानंतर पोरगी जावयाला घेऊन देवाच्या पाया पडायला येते, ती थेट त्या घरात जाणार आणि तिथूनच परत हडपसरला. मी अलीकडून विचारणार, जेवलीस का. मला ते नको होतं. त्यासाठी काय वाटेल ते करायची माझी तयारी होती आणि काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

मेजरला घालवून द्या, असं गावातल्या प्रत्येकाने सांगितलं. ह्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही आणि केलंही नाही. मारून बघा, असं काहींनी सांगितलं. पण आमच्या घरात खंडोबा आहे, आणि खंडोबाच्या टाकावर घोड्यापाशी कुत्रं असतं, त्यामुळे कुत्र्यावर काठी उगारायची म्हणजे देवाच्या माणसावर हात टाकल्यासारखं होतं. देवळातला अंगारा आणून मेजरच्या कपाळाला लावला. त्याने जीभ लांब करून चाटून टाकला. मग ह्यांनी माळ्यावरून बैलाचं मुसकं काढलं. मळणीच्या वेळी बैलाने कणसं खाऊ नयेत म्हणून तोंडाला बांधतात ते दोरीचं जाळीदार मुसकं. मेजरच्या तोंडाला ते सैल झालं, म्हणून मागून सुतळीने आवळलं. तासाभराने बघितलं तर मेजरने मुसकं घातलेल्या तोंडानेच मुसकं खाल्लं होतं.

शेवटी मी त्याला टेम्पोत घालून भोरला जनावरांच्या डॉक्टरकडे नेला, बरोबर हे होतेच. डॉक्टर स्नेहल म्हणून तरुण मुलगी आहे, साताऱ्याकडची. तिने मेजरचं तोंड उघडून दात बघितले, कान बघितले, पोट दाबलं. मेजरने तिला सगळं करू दिलं. खच्ची करून बघता येईल, असं ती म्हणाली, तेव्हा ह्यांनी अडचण सांगितली की बैल खच्ची केला तर औताला चालतो, हा कशाला चालणार. मग तिने विचारलं, हा कुणाकुणावर जातो. हे म्हणाले, भावावर. आणखी कुणावर? आणखी कुणावर नाही. तिने लिहिता लिहिता वर बघितलं आणि भावाचं नि तुमचं काही आहे का, असं विचारलं. ह्यांनी ते मनात काय बी न्हाईचं वाक्य म्हटलं. ती बरं म्हणाली. घरी येऊन बघावं लागेल, पण सध्या लसीकरण चालू आहे, तोवर त्याला त्या जागेपासून लांब ठेवता आला तर ठेवा, असं तिने सांगितलं.

लांब म्हणजे कुठे, तर मला माझं माहेर आठवलं. मी वेल्ह्याची. तोरण्याच्या अंगाला वरती जो धनगरवाडा आहे, तिथला हैबती माझ्या वडिलांच्या ओळखीचा. मला ताई म्हणतो. बिबट्याने त्याचं एक कुत्रं नेलं होतं, त्यामुळे मोठं कुत्रं म्हटल्यावर तो फोनवरच हसायला लागला. चावतो, असं मी सांगितलं तर म्हणाला, चावायलाच पाहिजे. भात कापणीच्या ऐन घाईत ह्यांनी एक दिवस मोडला आणि मेजरला वर सोडून आले. आल्यावर जेवले नाहीत. खुंटा तसाच होता, तो त्यांनी दोनदा हलवून बघितला.

हैबतीचा फोन आला तो तक्रारीचा. एवढं मोठं कुत्रं, पण कुणाच्याही अंगावर जात नाही. बिबट्याचा वास आला की आत येऊन म्हातारीच्या घोंगडीत शिरतं. एक गाभण शेळी त्याला शिंगावर घेते आणि तो तिला वाट सोडून देतो. कसलं हे कुत्रं दिलंत ताई, असं म्हणाला. मी म्हटलं, थोडे दिवस ठेवा.

मग पत्रिका वाटायला भावजी वेल्ह्याकडे गेले. माझ्या माहेरी पत्रिका द्यायची होती, आणि हैबतीला द्यायची असं मी दगडावरून सांगितलं होतं. मेजर तिथे आहे हे सांगायचं राहिलं. म्हणजे मी राहू दिलं. भावजी चढ चढून वाड्यावर पोचले तर मेजर मोकळाच, साखळी नाही, दोरी नाही. भावजींनी पत्रिकांची पिशवी पोटापुढे धरली आणि जागच्या जागी उभे राहिले. मेजर आला, त्याने त्यांची पोटरी हुंगली, जिथे दात लागले होते तिथे हुंगली, आणि त्यांच्या पायावर अंग टाकून झोपला. भावजींना हलता येईना. हैबतीने त्यांना उभ्या उभ्याच चहा दिला आणि मला फोन लावला. "ताई, तुमच्या दिराच्या पायावर निजलंय. दीर घामानं भिजल्यात."

झालं. डोंगराच्या हवेने मेजर सुधारला, अशी उत्रोलीत बातमी झाली. आरतीने सोनाराला थांबायला सांगितलं. वैष्णवी दगडापाशी येऊन म्हणाली, मोठी आई, हळदीच्या दिवशी मी तुझ्याकडेच जेवणार, आईला सांगितलंय. मी आत जाऊन तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच तांदूळ होते, तेच परत निवडले.

हैबतीला असलं कुत्रं नको होतंच, म्हणून मेजरला आणला आणि डॉक्टर स्नेहलला बोलावलं. ती मोटरसायकलवर आली. सगळे अंगणात जमले. दगडाच्या पलीकडे भावजी, आरती, वैष्णवी. अलीकडे मी, डॉक्टर, मेजर. ह्यांनी पुढे होऊन साखळी घेतली, हाताला दोन वेढे दिले आणि चल ये म्हणाले. भावजींनी पाय उचलला. मेजरच्या नरड्यातून आवाज सुरू झाला आणि त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले. भावजींनी पाय खाली ठेवला.

आरतीने वैष्णवीचा हात धरला आणि ती जायला वळली. डॉक्टर म्हणाली, एक मिनिट. तिने ह्यांना साखळी माझ्याकडे द्यायला सांगितली. मी साखळी धरली, जशी मी धरते तशी, म्हणजे बादलीची कडी धरावी तशी. भावजींना पुन्हा बोलावलं. त्यांनी दगड ओलांडला. मेजरने शेपूट हलवली आणि त्यांच्या पोटरीचा वास घेतला. परत ह्यांच्याकडे साखळी दिली, भावजी मागे जाऊन पुन्हा पुढे आले. मेजर गुरगुरला. परत माझ्याकडे. शेपूट. असं तीन-चार वेळा झालं. शेवटी मेजरच दमला.

डॉक्टर ह्यांच्या मुठीकडे बघत होती. आम्हीही बघितलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"कुत्र्याला तुमच्या मनातलं कळत नाही, काका," ती म्हणाली. "पण साखळी ताणली गेली की त्याला वाटतं, समोरून काहीतरी वाईट येतंय. ते तुम्ही त्याला सांगता. तो फक्त ऐकतो."

"माझ्या मनात काय बी न्हाई," हे म्हणाले, आणि मेजर पुन्हा गुरगुरला.

कुणी हसलं नाही. भावजी आपल्या चपलांकडे बघत होते. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग ह्यांची फार दया आली, कारण सगळ्या घरादारासमोर एक कुत्रं त्यांचं पोट उघडून दाखवत होतं आणि त्यांना हातातली साखळी टाकताही येत नव्हती. डॉक्टरने चहा घेतला नाही. औषध काही नाही, हात सैल ठेवायचा सराव करा, एवढं सांगून ती गेली.

आता उपाय सोपा होता. हळदीच्या दिवशी साखळी मी धरायची. नाहीतर, आरतीने सुचवलं त्याप्रमाणे, ह्यांनी सकाळीच वेल्ह्याला हैबतीकडे जाऊन यायचं. मेजरला पाठवून बघितलं होतं, आता ह्यांना पाठवायचं. मला ते पटलंसुद्धा. पण देवांचं कपाट उघडून मुलीच्या कपाळाला भंडारा लावायचा तो थोरल्याने. हे म्हणाले, "घरचा थोरला म्या हाय. कुत्रं बी म्याच धरणार." शांत माणसाने एकदा काही ठरवलं की त्याच्याशी भांडायला समोर कुणी सापडत नाही.

त्यांनी सराव केला. भात झोडून झालं की ऊन उतरताना ते मेजरला घेऊन दगडापाशी उभे राहायचे. साखळी हातात सैल धरायची, वेढा न देता, आणि तोंडाने हळूच म्हणायचं, "हनुमंत." मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. नाव निघालं की मूठ आपोआप आवळायची आणि मेजर पलीकडच्या दाराकडे बघायचा. मग हे बोटं एकेक करून सोडवायचे आणि परत म्हणायचे. एकदा त्यांनी "इंद्रजित" म्हणून बघितलं. साखळी लोंबती राहिली, मेजरने जांभई दिली. "कुमार," म्हणाले, तो आमचा दूधवाला. काही नाही. "हनुमंत." मूठ. मी खिडकी लावून घेतली. डाळीला फोडणी द्यायची होती, पण मुख्य म्हणजे मला बघवेना.

मी त्यांना एकदाच विचारलं. ते हात धूत होते. म्हटलं, दोन हात जागेचं एवढं मनाला लावून घ्यायचं का. ते म्हणाले, "जागेचं न्हाई. लहानपणी त्याला म्या खांद्यावर बसवून शाळंत नेला. म्या रेघ मारली तर त्यानं यंत्र आणलं." मी विचारलं, हे त्याला सांगितलं का. ते म्हणाले, ह्यात सांगायचं काय आहे, त्याला कळत नाही का. आणि टॉवेल घेऊन आत गेले.

हळदीचा दिवस उजाडला. मी पुरणाचा घाट घातला होता, कारण वैष्णवीला पुरणपोळी आवडते आणि ती माझ्याकडे जेवणार असं तिने सांगितलं होतं. जेवेल की नाही ते मला माहीत नव्हतं. आरतीने सकाळीच सांगितलं होतं की मेजरने आवाज काढला तर ती लेकीला घेऊन मागे फिरेल; डॉक्टर येऊन गेल्यावर तिने सोनाराला परत सांगितलं होतं, टाक तयार आहेत, भोर काही लांब नाही. तिचं चुकत नव्हतं. लेकीला हळदीच्या दिवशी कुत्रं चावलं तर लोक आईलाच बोलतात.

वैष्णवी हातात हळदीची वाटी असलेलं ताट घेऊन आली, पिवळी साडी, केस मोकळे. एका बाजूला आरती, एका बाजूला भावजी. दगडापाशी तिघं थांबले. हे अंघोळ करून, टोपी घालून, साखळी धरून उभे होते. वेढा नव्हता. मी दारात होते. मेजर बसलेला होता.

भावजींनी पाय उचलला आणि मी ह्यांच्या हाताकडे बघितलं. मूठ आवळली. मेजर उठला आणि गुरगुरायला लागला. आरतीने वैष्णवीच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब," हे म्हणाले. ते आरतीला म्हणाले की मेजरला की स्वतःला, ते कळलं नाही. मग त्यांनी भावाकडे सरळ बघितलं. दोन वर्षांत असं बघितलेलं मी बघितलं नव्हतं.

"हनुमंत, तू मोजणी का आणलीस?"

भावजींचा पाय दगडावरच होता. मला वाटलं ते म्हणतील, बायकोने सांगितलं, मित्राने सांगितलं, कागद पक्के असावेत म्हणून आणली. माणसाकडे अशी उत्तरं तयार असतात.

"मला वाटलं तू मला कमी दिलंस," भावजी म्हणाले. "खरंच वाटलं हुतं, दादा. मोजल्यावर कळलं तू जास्त दिलं हुतंस. मग तुझ्याफुडं कुठल्या तोंडानं येऊ ते कळंना."

मेजर गुरगुरत होता. आतमध्ये माझी पोळी तव्यावर करपत होती, त्याचा वास येत होता आणि मला हलता येत नव्हतं. ह्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसेच राहिले.

"बरं झालं बोललास," ते म्हणाले. "पर हात सैल हुईना रं. लई करून बघितलं."

मग ते चालत दगडापाशी गेले. मेजर पुढे, साखळी ताणलेली. आरतीने वैष्णवीला मागे घेतलं. भावजी हलले नाहीत, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण हलले नाहीत. ह्यांनी साखळी त्यांच्यापुढे केली.

"माझ्याच्यानं हुयाचं न्हाई. तूच धर."

भावजींनी आधी पोटरीला हात लावला, मग तोच हात पुढे केला. ह्यांनी बोटं एकेक करून सोडवली, रोज सोडवायचे तशीच, आणि साखळी भावाच्या तळहातावर ठेवून मूठ वरून मिटवली. थोडा वेळ दोघांचे हात तिथेच होते. मेजरने वर बघितलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुणाचंच काही म्हणणं दिसेना, तसा तो खाली बसला.

हे वळले आणि डोळे पुसत आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. वैष्णवीने दगड ओलांडला, अंगणातून चालत आली, माझ्याजवळ पोचली तेव्हा मी रडत होते आणि तिला ताट सांभाळायला सांगत होते. ती आत गेली. तिने देवांना हळद लावली, एकेका टाकाला, बोटाच्या टोकाने. ह्यांनी तिच्या कपाळाला भंडारा लावला. आरती तिच्या मागे उभी राहून डोक्यावरचा पदर सारखा नीट करत होती.

मी करपलेली पोळी बाजूला काढली आणि नवी टाकली. खिडकीतून बघितलं तर भावजी अजून दगडापाशीच उभे होते, हात पुढे, साखळी जशी मिळाली तशी धरलेली, आणि मेजर त्यांच्या पायावर झोपलेला. साखळी बांधायची कुठे आणि सोडायची कधी, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी हाक मारणार होते, तेवढ्यात देवघरातून हे ओरडले. इतक्या मोठ्याने ओरडले की माझ्या हातातलं उलथनं पडलं.

"हनम्या! आत ये की. त्याला बी घेऊन ये."